लंडन ते मोपा, साडेनऊ तास

हळर्णच्या माझ्या चुलतभावाने मुलीच्या लग्नाचा मुहूर्त रविवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांचा धरला. मुलीचा मामा लंडनला नोकरी करतो. शनिवारी संध्याकाळी साडेसातला तो तिथून निघणार, एवढेच त्याने फोनवर कळवले होते. पुढचा हिशेब घरच्यांनी केला. गेल्या खेपेला तो गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावरून दुपारी एकला निघाला आणि तिथे संध्याकाळी सहाला उतरला. म्हणजे प्रवास पाच तासांचा. शनिवारी मध्यरात्री येईल, झोप काढेल, सकाळी सोवळे नेसून तयार राहील, असे ठरले.

लग्नाआधीच्या बुधवारी मी पणजीहून गेलो तेव्हा हे ऐकले. मी वर्तमानपत्रात काम करतो. कोणी वेळ सांगितली की कुठली वेळ, हे विचारायची सवय आहे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. अंतर जाता-येता तेच, सुमारे साडेसात हजार किलोमीटर. मामा रविवारी सकाळी साडेदहाला उतरणार होता.

वहिनी लाडू वळत होती.

"भावोजी, जाताना पाच आणि येताना पंधरा? इमान चढ चढता काय?"

"उलट उतार आहे. येताना वारा पाठीमागून असतो. जाताना साडेदहा तास, येताना साडेनऊ. बाकी सगळा घड्याळांचा फरक."

भाऊ म्हणाला, "तुझो मावसभाव आसा मगे. तो उभो रावतलो."

"माझो भाव एकूच," वहिनी म्हणाली.

मामाने हात धरून मुलीला मांडवात आणायचे, हा रिवाज. मुहूर्त हलणार नव्हता. मोप्याहून हळर्णचा रस्ता अर्ध्या तासाचा. पासपोर्टच्या रांगेचा वेळ धरला तरी जमत होते. बॅगांची वाट पाहिली तर जमत नव्हते.

वहिनीने लगेच लंडनला भावाला फोन लावला. तिच्याच सांगण्यावरून त्याने दोन मोठ्या बॅगा भरल्या होत्या.

"चॉकलेटां नाकात, सेंट नाका, ती ब्लँकेटां पण नाकात. रिकामो ये."

"आणि माझो सूट?"

"सोवळां आमी दितलों. तू फक्त ये."

रविवारी दहापासून सगळ्यांचे कान आभाळाकडे होते. एक विमान घरावरून गेले तसा चुलतभाऊ उठला. "आयलो."

"बस. तां मुंबयचां आसतलां," वहिनी म्हणाली. "तुका सगळी इमानां लंडनची."

साडेदहा वाजून गेल्यावर आणखी एक विमान गेले. त्या वेळी वहिनीच उठली. मी माझा चहा संपवला.

पावणेबाराच्या आत गाडी दारात लागली. मामा जाड जाकिटात, पाठीला एक पिशवी. वहिनीने त्याला हाताला धरून आतल्या खोलीत नेले. तो बाहेर आला तेव्हा सोवळे नेसलेला होता, पायात मात्र लंडनचे लोकरी मोजे राहिले होते. भाचीचा हात धरून तो तसाच मांडवात आला. भटजींनी मोज्यांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि अंतरपाट धरायला सांगितले.