चुकलेला डबा

आज नातवाच्या लाडवांसाठी गूळ विरघळत ठेवला होता आणि शेजारच्या तव्यावर भाजीसाठी वाळलेले झिंगे भाजत होते. दोन्ही वास एकमेकांत मिसळले आणि मी थेट एकोडीच्या सासरी पोचले.

माझी चिंगी तेव्हा दीड वर्षाची होती. पावसाच्या झडीमुळे घरात तांदळाचं पीठ, गूळ, एका डब्यात फुटाण्याचं पीठ आणि दुसऱ्यात झिंग्यांची भुकटी, एवढंच उरलेलं. लाडू दिला की चिंगी थुंकायची. सासर तलावात मासे धरणाऱ्यांचं, पण माझ्या माहेरी झिंगे कधी शिजले नव्हते. लेकराला ते द्यायचे नाहीत, असं मी सासूबाईंना बजावलं होतं.

त्या सकाळी त्यांनी चिमुकले लाडू वळले. चिंगीने एक संपवला आणि हात पुढे केला. "आखीन."

मी आनंदाने एक तोंडात टाकला. गोड, खारट आणि चक्क झिंगे.

"डबा चुकला वो माय," सासूबाई चुलीकडे बघत म्हणाल्या. "आता खाऊन राहिली तं खाऊ दे."

आम्ही दोघी पोट धरून हसलो.

इतकी वर्षं मला ती चूकच वाटत होती. पण जन्मभर झिंगे वाळवणाऱ्या बाईला डबा उघडल्यावर वास आला नसेल?

चिंगीने कालच बजावलंय, "आई, त्याले झिंगे नको देऊ."

मी भाजलेले झिंगे कुटले आणि गुळात चमचाभर भुकटी टाकली. तिने विचारलंच, तर डबा चुकला.