जानरावच्या घरून आलेली रजई

अंजनगावात आमच्या गल्लीतल्या भिंती बुटक्या. पलीकडे भांडण लागलं की अलीकडे भाजी करपते. त्या दिवशी माझी वांगी करपली. पलीकडे शफीक पिंजारी आणि लाकडाचा व्यापारी जानराव यांची जुंपली होती. हिवाळा लागला की शफीक गाडीत रजया भरून मेळघाटात, सेमाडोहकडे विकायला जायचा. जंगलाच्या नाक्यावर त्याची गाडी कोणी तपासत नसे, कारण नाकेदार त्याच्याच रजईत झोपत. परत येताना त्याच गाडीतून चोरीचं सागवान उतरवायचं, असा जानरावचा बेत होता.

"माह्या रजईखाली तुहं लाकूड नाही येनार," शफीक म्हणाला. "पुन्हा इचारलं तं नाक्यावर सांगून देईन."

"जंगलात एकटाच फिरतं तू," जानराव म्हणाला. "ध्यानात ठेव."

त्याच हिवाळ्यात शफीक सेमाडोहच्या पुढे जंगलात मेलेला सापडला. सागाची पानं गुडघाभर साचलेली, धुकं असं की लाकडं वेचणाऱ्या बाईचा पाय लागला तेव्हाच तिला कळलं. डोक्याला मागून जखम. शेजारी फवारणीच्या औषधाची बाटली. ठाणेदारानं बाटली पाहिली, डोकं पाहिलं नाही. ती सालंच तशी होती. वऱ्हाडात रोज कोणी ना कोणी औषध पीत होतं, आणि लिहिणाऱ्याचा हात 'आत्महत्या' या शब्दावर बसला होता. अरे, शफीकजवळ ना शेत, ना फवारणीचा पंप. पिंजारी माणूस ती बाटली घेऊन जंगलात काय कापूस फवारायला गेला होता? मी ठाण्यात जाऊन भांडण जसंच्या तसं सांगितलं. बाई, भांडणं साऱ्यांचीच होतात, ठाणेदार म्हणे, घरी जा. वरून चहा पाजला. त्या चहाचा मला अजून राग येतो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या बायकोचं, बिल्कीसचं. आत्महत्या म्हटल्यावर मशिदीच्या पेश-इमामांनी जनाज्याची, मयताला निरोप द्यायची, नमाज पढवायला नकार दिला. दिरानं चार माणसं घेऊन कशीबशी पढवली. नवरा गेला त्याचं ती रडली, पण हे गिळलं नाही तिनं. "भाबी," ती मला म्हणाली, "त्यानं जीव नाही दिला. त्याचा घेतला. हे मी साऱ्यांच्या तोंडून वदवून घेईन."

इद्दतीचे, विधवेनं घरात बसायचे, चार महिने दहा दिवस संपले तशी तिनं शफीकची पिंजायची धुनकी खांद्याला लावली. बाईमाणसानं कापूस पिंजायचा म्हणून गल्ली कुजबुजली. बिल्कीस दारात बसून पिंजायची, म्हणजे कुजबुजणाऱ्यांच्या नाकात कापूस जावा. भुवयांवर, पापण्यांवर पांढरी लव बसायची. तोंड मोठं तिखट. एका शेठाणीला म्हणाली, तुमच्या गादीत कापूस कमी अन् ढेकणं जास्त, पिंजू कशाले?

पिंजाऱ्याच्या धंद्यात एक गंमत असते. रजई दबली की पुन्हा पिंजाऱ्याकडेच येते, उसवायला आणि नव्यानं भरायला. पुढच्या हिवाळ्यात जानरावची बायको चंदा अशीच एक रजई घेऊन आली. वरून नवी फुलाफुलांची खोळ. जानराव नागपूरला गेला होता आणि चंदाला कशाचाच पत्ता नव्हता. बिल्कीसनं खोळ उसवली. आत दुसरी खोळ निघाली, हिरवी, आणि तिच्या कोपऱ्याला बिल्कीसच्याच जुन्या ओढणीचं ठिगळ. सेमाडोहच्या केशरबाईच्या लेकीच्या लग्नाची रजई होती ती. शफीक शेवटच्या फेरीला घेऊन गेलेला, पोचलीच नव्हती. मधोमध पंज्याएवढा तपकिरी डाग.

"हे कुठून आणली, बाई?" बिल्कीसनं विचारलं.

"ह्यायले जंगलात रस्त्यावर पडलेली सापडली, म्हणे. डाग काही निघे ना, म्हून मी खोळ चढवली."

माणूस मारायला हात धजला, पण नवी कोरी रजई टाकून द्यायला जीव झाला नाही. असा तो जानराव.

शुक्रवारी बिल्कीसनं ती रजई मशिदीच्या पायऱ्यांखाली अंथरली. नमाज सुटली, माणसं उभी राहिली. रजई कोणाची आणि कोणाच्या घरून आली, ते तिनं साऱ्यांना सांगितलं. इमामांनी डागावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग साऱ्या जमातीला घेऊन ते शफीकच्या कबरीवर गेले, दुआ मागितली आणि बिल्कीसच्या दिराची सर्वांसमोर माफी मागितली.

ठाण्यानं काय केलं? बिल्कीसनं नेऊन दिलेली रजई पुरावा म्हणून ठेवून घेतली. थंडीभर एक हवालदार ती पांघरून झोपला आणि उन्हाळ्यात सांगितलं, उंदरांनी कुरतडली. जानरावचा पुढे गावात सत्कार झाला, शाल मिळाली. तेवढीच काय ती त्यानं न चोरलेली.

मग बिल्कीस दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात जाऊ लागली. बाकावर बसायची आणि विचारायची, शफीकच्या खुनाचा तपास कुठवर आला? ते म्हणत, आत्महत्या आहे ती. ती म्हणे, खून. ठाणेदार बदलत गेले, ती नाही बदलली. शेवटी शिपाईच तिला लांबून पाहून आत वर्दी द्यायला लागले की खूनवाल्या काकी आल्या. हे ऐकून ती मला येऊन सांगायची आणि खोकत खोकत हसायची. इतक्या वर्षांचा कापूस छातीत बसला होता.

या पौषात ती गेली. त्याच्या आधीच्या बाजारी मीच सोबत होते. नवा पोरगा ठाणेदार होता. त्यानं खुर्ची दिली, तरी ती बाकावरच बसली. तपास कुठवर आला, तिनं विचारलं. कोणत्या प्रकरणाचा, त्यानं विचारलं.

"खुनाच्या, साहेब," कोपऱ्यातला शिपाईच बोलला.

साहेब म्हणाले, पाहतो. बिल्कीस म्हणाली, पुढच्या बाजारी येतो. बाहेर येऊन तिनं मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, एक माझ्या पिशवीत टाकली, आणि आम्ही घरी आलो.