मुद्देमालाचा पाडवा

म्हैस चोरीला गेली तेव्हा मी जेवढी रडले नाही, तेवढी ती सापडल्यावर रडले. सत्तर सालाच्या आगेमागची गोष्ट. आमच्या दावणीला दोन म्हशी होत्या, एक आटलेली आणि दुसरी ही. घर हिच्यावर चालायचं. संध्याकाळी मालक, म्हणजे माझे यजमान, तिला कोल्हापुरात गंगावेशीत न्यायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढायचे आणि फेसाळ पेला हातात द्यायचे. एके सकाळी मी गोठ्यात गेले तर दावं कापलेलं आणि जागा रिकामी.

मालकांनी बाजार पालथे घातले आणि शेवटी कबनूरच्या बाजूला एका गोठ्यात ती दिसली. गोठेवाला म्हणाला, “घरची म्हैस हाय पावणं, डोळं तपासून घ्या.” मालकांनी पोलीस नेले. पंचांसमोर पंचनामा झाला. काळी म्हैस, शिंगं मागं वळलेली, कपाळावर पांढऱ्या केसांचा ठिपका. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसलं सुटतोय! म्हैस घरी आली ती कोर्टाच्या हुकुमानं, नुसती सांभाळायला. निकाल लागेपर्यंत विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, तिच्यात फेरफार करायचा नाही, आणि बोलावलं की हजर करायची. मी सरकारी वकिलांना विचारलं, “साहेब, म्हैस आमचीच न्हवं?”

“ते शाबीत व्हायचंय, बाई. तोवर ती मुद्देमाल.”

“मग मुद्देमालाला वैरण कोण घालणार? कोर्ट?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “तुम्हीच.”

पुढं साक्षीचं शिकवणं सुरू झालं. शेजारणीनं त्या पहाटे दोन माणसं म्हैस हाकत नेताना पाहिली होती, ते मी सांगायला लागले तर वकील म्हणाले, हा ऐकीव पुरावा, चालणार नाही. जिनं पाहिलं तिनंच सांगायचं. शेजारीण तर कोर्टाचं नाव काढताच माहेरी पळालेली. मग मी काय सांगू? कापलेलं दावं पाहिलं, तेवढंच सांगा म्हणाले. आता चोर काय मला उठवून ‘वहिनी, नेतो हं म्हैस’ म्हणून जाणार होता? पण बोलायची सोय नाही.

त्यात आली दिवाळी, आणि दिवाळी झाली की लगेच आमची तारीख. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा सण. अंगावरचे केस भादरायचे, तेल चोळायचं, शिंगं रंगवायची आणि वाजतगाजत मिरवायचं. मालक वस्तऱ्याला धार लावायला बसलेले बघून मी दारातूनच ओरडले.

“अवो, फेरफार करायचा न्हाय म्हणून सांगितलंय.”

“फेरफार? शिंगं कापतोय व्हय मी? सण हाय तिचा. समद्या गल्लीच्या म्हशी नटणार आणि आपली काय सुतक असल्यागत हुबी करू? चोरानं नेली ह्यात तिचा काय गुन्हा?”

मी चुलीवरचं उतरवून बाहेर येईपर्यंत म्हैस शिंगापासून शेपटीपर्यंत भादरून मोकळी. शिंगं लाल, त्यावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. दिसत होती मात्र नवरीसारखी, खोटं कशाला बोलू. ओवाळायला गेले, कुंकू लावायला कपाळाकडं हात नेला आणि हात तिथंच राहिला. ठिपका नव्हता. “अगं बया,” म्हणून मी ताट खाली ठेवलं.

तारखेला म्हैस कोर्टाच्या आवारात लिंबाला बांधली आणि मी पिंजऱ्यात उभी राहिले. आरोपीचा, म्हणजे त्या गोठेवाल्याचा, वकील उलटतपासणीला उठला.

“तुमच्या म्हशीची खूण काय?”

“कपाळावर पांढरा ठिपका.”

“बाहेरच्या म्हशीला आहे?”

“अवो, पाडव्याला...”

“हो की नाही तेवढंच बोला.”

“न्हाय,” मी म्हणाले.

“नोंद व्हावी, साहेब. ही ती म्हैस नव्हेच. आणि असलीच, तर माझ्या अशिलानं ती बाजारात राजरोस विकत घेतली आहे.”

माझं टाळकंच सरकलं. “आधी म्हणाला घरची हाय, आता म्हणता ती न्हवंच, वर म्हणता इकत घेतली! एक काय ते ठरवा की!”

जज्जसाहेबांनी मला गप्प केलं. ते कुठले लांबचे, नवीन आलेले. त्यांनी विचारलं, “पण म्हशीचे केस कापलेच कशाला?”

“पाडवा हुता की, साहेब!” सगळं कोर्ट एका तोंडानं बोललं. आरोपीसुद्धा. वर आणि म्हणाला, “समदीच भादरत्यात.” त्याच्या वकिलानं त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं.

जज्जसाहेबांनी ठिपका उगवेपर्यंत पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर सरकारी वकील मालकांना म्हणाले, “ठिपका आला नाही, तर म्हैस त्या गोठेवाल्याच्या दारात जाईल. मग माझ्याकडं रडत येऊ नका.”

मालक म्हैस घेऊन चालत घरी आले. त्या दिवसापासून रोज धार काढायच्या आधी ते तिच्या कपाळाला खोबरेल चोळायचे. मी रोज बघायची. काळे केस आले, पांढऱ्याचा पत्ता नाही. मी नवऱ्याला शिव्या घातल्या, कोर्टाला घातल्या, त्या गोठेवाल्याचा तर मुडदा रोजच बसवला. आणि एका सकाळी उन्हात चार पांढरी खुंटं चमकली. मी अशी ओरडले की गल्ली गोळा झाली.

म्हणून काय खटला संपला? छे! कधी जज्ज रजेवर, कधी वकील आजारी. पुढचा पाडवा आला तरी तारखाच. त्या पाडव्याला गल्लीच्या म्हशी चकचकीत होऊन गेल्या, आमची तेवढी केसाळ. येणारेजाणारे विचारायचे, “म्हशीला सुतक हाय व्हय?” मालक दिवसभर गोठ्यातून बाहेर आले नाहीत. मला त्यांचा राग यायचा तो त्या दिवशी आला नाही.

निकाल लागला तेव्हा ठिपका पंचनाम्याशी जुळला आणि म्हैस आमची ठरली. आरोपीला मात्र संशयाचा फायदा देऊन सोडला. मी वकिलांना गाठलं. “म्हैस आमची, सापडली त्याच्या गोठ्यात, दावं कापलेलं, आणि चोर कुणीच न्हाय? मग काय म्हैसच दावं कापून कबनूरला पावणी गेलती?”

“बाई, कोर्टाला संशय राहिला.”

“मला न्हाय राहिला. माझा फायदा कुठाय?”

ते हसले. मला हसू आलं नाही.

त्या दिवाळीला मालकांनी पुन्हा वस्तरा काढला. म्हैस आता अंगानं उतरली होती, दूधही कमी झालेलं. त्यांनी मान भादरली, पाठ भादरली, शेपूट भादरली आणि कपाळापाशी येऊन थांबले.

“अवो, काढा की. खटला संपला आता.”

“असू दे.”

“आता कोण इचारणार हाय?”

“कुणी इचारलंच, तर,” म्हणाले आणि खाली मान घालून वस्तरा पुसायला लागले.

मी वाद घातला नाही. ओवाळलं, आणि ठिपका झाकणार नाही असं जरा खाली कुंकू लावलं.