लोकसभेतलं माझं एकमेव मत

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! चहाची कपबशी तेवढी खाली ठेवा, अंगावर सांडेल.

तर मी अणदूरचा नागरिकशास्त्राचा मास्तर. ‘संसद’ हा धडा सव्वीस वर्षं शिकवला. विधेयक कसं मांडतात, समितीकडं कसं जातं, एका सभागृहातून दुसऱ्यात आणि तिथून राष्ट्रपतींच्या सहीला कसं पोचतं, सगळं तोंडपाठ. फक्त संसद तेवढी पाहिली नव्हती! पोहायला शिकवणाऱ्यानं विहीरच पाहिलेली नसावी, तसला प्रकार.

गेल्या वर्षी योग आला. गावातल्या अकरा जणांना लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीचे पास मिळाले. पुढारी अर्थातच मी. सोबत शेवंतामावशी. साठी ओलांडलेली बाई, दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य.

“गुर्जी,” मावशी म्हणाल्या, “म्या पंचायतीत लई ठराव केले. पर कायदा कसा व्हतो, त्यो एकदा डोळ्यानं बघायचाय. शेवटपस्तोर. त्यासाठी दोन शेळ्या लेकीकडं ठिवून आले.”

मला मात्र भीती मावशींचीच. ग्रामसभेत त्या माईकशिवाय बोलतात आणि हायवेवरच्या हॉटेलात ऐकू जातं! म्हणून गाडीत बसल्यापासून मी सगळ्यांची तयारी घेतली. गॅलरीत बोलायचं नाही. टाळ्या नाहीत. उभं राहायचं नाही.

“आन शिंक आली तर?” मावशी.

“गिळायची!”

तरी भरवसा वाटेना. आत जाताना पायऱ्यांवर मी त्यांच्या हातावर खंडोबाच्या प्रसादातली खडीसाखर ठेवली. “हा खडा तोंडात धरा, मावशी. शब्द काढायचा नाही.”

आत गेलो आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. फळ्यावर मी खडूनं अर्धगोल काढायचो ना, तो समोर जिवंत! मधल्या टेबलाशी लिहून घेणारे येत, थोडा वेळ लिहीत, उठत, लगेच दुसरा बसे. एक शब्द सांडू द्यायचे नाहीत. केवढी ती शिस्त!

खाली एका विधेयकावर कलमवार चर्चा चालली होती. एक सदस्य दुरुस्ती घेऊन उभे राहिले. म्हणणं एवढंच, की सरकारी कचेरीत अर्ज दिला की तिथल्या तिथं पोच मिळाली पाहिजे.

पोच! अहो, विहिरीचा माझा अर्ज तीनदा हरवला, आणि तिन्ही वेळा मलाच विचारलं, “पोच आहे का?” मी खुर्चीत पुढं सरकलो.

त्या सदस्याला ठाऊक होतं, आपली दुरुस्ती पडणार. सत्ताधारी बाकांवरच्या गर्दीवरून ते आम्हालाही कळत होतं. तरी माणूस एकेक शब्द तोलून बोलला. मंत्र्यांनीही मध्ये न बोलता ऐकलं आणि मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर दिलं. मला दोघांचंही कौतुक वाटलं. मग अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी ती दुरुस्ती मताला टाकत विचारलं, “जो इस संशोधन के पक्ष में हैं, वे हाँ कहें.”

आता आमची ग्रामसभा कशी असते? खंडोबाच्या देवळापुढं सतरंजी. सरपंच विचारतात, “मंजूर का?” सतरंजीवर बसलेला प्रत्येक जण ओरडतो. जो बसला तो सभासद! वर्षानुवर्षांची घशाला पडलेली सवय.

खालून पाच-सहा ‘हाँ’ आले. आणि वरून, अगदी खड्या आवाजात, एक…

“व्हय!”

खालची दहा-बारा डोकी वर वळली. मी रागानं मावशींकडं पाहिलं. तर मावशी गालात खडा धरून गप्प, माझ्याकडंच बघताहेत!

सुरक्षेचा माणूस आला. “आप ज़रा बाहर आइए.”

माझं काय व्हायचं ते होवो, पण माझ्यापायी अकराच्या अकरा बाहेर काढले तर? मावशींचा कायदा राहिला! मी हात जोडून पुटपुटलो, “गलती मेरी है, साहब. बाकी लोग शरीफ हैं.”

“सिर्फ़ आप,” तो म्हणाला.

दारातून निघताना पाठीमागं दणदणीत ‘ना’ ऐकू आला. आयुष्यात एकदाच लोकसभेत मत दिलं, तेही पडलं!

कचेरीत एका वयस्क अधिकाऱ्यानं माझं नाव, धंदा लिहून घेत विचारलं, “आवाज़ क्यों दी?”

“आदत, साहब. हमारे गाँव में जो बैठता है, वो बोलता है.”

तो मिशीत हसला. “मास्टरजी, यहाँ के लिए आप बोलनेवाला चुनकर भेजते हैं.”

सव्वीस वर्षं हेच वाक्य मी फळ्यावर लिहीत आलो होतो हो! माफीनामा लिहून दिला, समज घेतली, आणि बाहेर झाडाखाली मान खाली घालून बसलो.

अर्ध्या तासानं मावशी आल्या. चेहरा नुसता उजळलेला.

“पास झाला, गुर्जी! येकयेक कलम इच्यारून पुढं. आमी तांदूळ बी येवढं निवडत न्हाय. आन तुमी गाडीत म्हनला तसं, आता दुसऱ्या सभागृहात जायचं. म्हंजी येकानं निवडल्यालं दुसऱ्यानं पुन्यांदा निवडायचं. लई शाणी रीत हाय!”

परतीच्या अख्ख्या प्रवासात मी विचारत होतो आणि मावशी सांगत होत्या. कायदा पास होताना अणदूरच्या दहा जणांनी पाहिला. अकरावा नागरिकशास्त्राचा मास्तर!

ही बातमी मुख्याध्यापकांपर्यंत पोचायला कितीसा वेळ? आता ‘संसद’ धडा आला की ते मावशींना वर्गात बोलावतात. पोरं अशी ऐकतात, की माझा सव्वीस वर्षांत एक तास तसा गेला नाही.

मी शेवटच्या बाकावर बसतो. आणि सुरुवात करण्याआधी मावशी न विसरता माझ्यापर्यंत चालत येतात आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवतात.

“धरा तोंडात, गुर्जी.”