शाई ओली असताना

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक नियम होता. माणूस ट्रेसिंग पेपरवर शाई चढवत असेल तर त्याला हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही, त्याच्या टेबलाला टेकायचंसुद्धा नाही. साहेब आले तरी मागे उभे राहत, पेन वर उचललं गेलं की मग खाकरत. एक दचका बसला की रेघ वाकडी. मग ब्लेडने हलक्या हाताने खरवडत बसायचं, आणि त्यात कागद फाटला तर सगळं काम पहिल्यापासून. मुलुंडच्या कारखान्यातली माझी सगळी नोकरी या नियमात सरली.

घरीही मी जादा कामाचे कागद आणत असे. हिने तो नियम न सांगता उचलला. मुलगा लहान होता, तो माझ्याकडे धावला की ही तोंडावर बोट ठेवून म्हणायची, "बाबांची शाई ओली आहे." तिला स्वतःला काही सांगायचं असलं तर खुर्चीमागे येऊन उभी राहायची. मी न वळता डावा हात जरा वर करायचो. म्हणजे थांब. ती थांबायची. मी पेन ठेवलं की मग म्हणायची, "अहो, गॅस संपलाय," किंवा, "अहो, दादाचा फोन होता."

कॉम्प्युटर आले, आम्हाला पैसे देऊन घरी बसवलं. हाताला काम राहिलं नाही, पण डोक्याची ती सवय गेली नाही. तासन्‌तास एकाच रेघेवर टिकून राहायची सवय. ती कुठे वापरू हे कळत नव्हतं. मुलुंड पूर्वेच्या बागेत बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांत मला बसवत नसे. ते फार बोलत.

आमची कुळदेवी गोव्याची. वर्षातून एकदा जाणं पूर्वीपासून होतं. अशाच एका खेपेला कारखान्यातला जुना सोबती पणजीत भेटला आणि गंमत म्हणून मला कॅसिनोच्या बोटीवर घेऊन गेला. तो वरच्या मजल्यावर गाणी ऐकत बसला. मी खाली एका टेबलापाशी उभा राहिलो. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या आत ठेवायची, वाटणाऱ्याच्या बेरजेपेक्षा जास्त आणायची, एवढाच तो खेळ. कुठले पत्ते पडून गेले ते लक्षात ठेवावं लागतं आणि दुसरं काही मनात येऊ द्यायचं नसतं. मला वाटलं, हे तर माझंच काम.

त्यानंतर आम्ही वर्षातून तीन-चार वेळा देवीला जाऊ लागलो. नातेवाइकांना वाटलं, म्हातारपणी याला देवाची ओढ लागली. घाटकोपरच्या आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तर सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, "आमच्या भावासारखा कुळाचार कोणी पाळत नाही हो." मी कधी तिला थांबवलं नाही.

ही देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, खोली घेऊन राहायची, पोथी वाचायची, आरतीला जायची. मी दुपारी जेवलो की "पणजीत एकाला भेटून येतो" म्हणून निघायचो.

बोटीवर वागायचं कसं हे मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. कोपऱ्यातली शेवटची खुर्ची घ्यायची, म्हणजे एकाच बाजूला शेजारी. फुकटची दारू नको, कारण ग्लास धरला की ग्लासवाले बोलायला येतात. फोन बंद. कुणी जिंकलं तर हसायचं नाही, हरलं तर हळहळायचं नाही. डोळे टेबलाच्या हिरव्या कापडावर. आणि कुणी ओळख काढायला लागला तर ती तिथेच तोडायची.

एकदा घाटकोपरचा एक कापडवाला शेजारी येऊन बसला. म्हणाला, "काका, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. मुलुंड ना? स्टेशनजवळ?"

"नाही," मी म्हणालो.

"अरे, नक्की मुलुंड! माझी मावशी राहते तिथे. तिथला तो वडेवाला..."

"मी मुलुंडचा नाही."

तो वाटणाऱ्याकडे बघून हसला. "काका बहुतेक देवलोकातून आलेत. इथे फक्त पत्ते खेळायला."

टेबलावरची सगळी हसली. मी हसलो नाही आणि मला त्याचा अभिमान वाटला. इतकी एकाग्रता आता कुणात राहिली नाही, असं वाटलं. मी मुलुंडचा नव्हतो, कुणाचा काका नव्हतो, पुढेपुढे तर मराठी कळत नसल्यासारखंही करायचो. हे मी हळूहळू शिकलो. एका दिवसात कुणी ते शिकत नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं.

हिला माहीत होतं. बोटीवर चढताना मनगटाला कागदाची पट्टी बांधतात. मी ती परत येताना तोडून टाकायचो, पण एकदा पँटच्या खिशात राहिली आणि धुताना तिला सापडली. तिने ती वाळवून माझ्या औषधांच्या डब्यात ठेवली. मी ती तिथून उचलून फेकली. 

ती दुपार टाळेबंदीच्या आदल्या वर्षाची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नावाने देवीला अभिषेक ठरला होता. अभिषेकाची दक्षिणा हिच्या पर्समध्ये वेगळ्या पाकिटात होती. मी नेहमीसारखा निघून गेलो. बँकेचं कार्ड, दोघांची परतीची तिकिटं, सगळं माझ्या खिशात.

मी गेल्यावर बोरिवलीहून हिच्या भावाचा फोन आला. आईला हॉस्पिटलात नेलंय, डॉक्टर म्हणतात जवळच्यांना बोलवा. आई शुद्धीत आहे, तुझं नाव घेते आहे. संध्याकाळचं विमान धरलं तर वेळेत पोचशील, असं त्याने सांगितलं. हिने मला फोन लावला. बंद. कार्ड माझ्याकडे. विमानाचं तिकीट कसं काढतात हे तिला माहीत नव्हतं, सगळं मीच करत आलो होतो. मग तिने रिक्षा केली, पणजीच्या जेट्टीवर गेली. बोटीवर जायला पैसे भरावे लागतात. तिने ते पाकीट फोडलं आणि देवीच्या दक्षिणेतून कॅसिनोचं तिकीट काढलं.

हे सगळं मला फार नंतर, तुकड्यातुकड्याने कळलं. मला त्या दिवशी कळलं ते एवढंच, की माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं आहे. वळायची गरज नव्हती. अबोलीच्या गजऱ्याचा आणि देवळातल्या धुपाचा वास आला. आणि त्या उभं राहण्याची मला चाळीस वर्षांची ओळख होती.

मी डावा हात जरा वर केला.

ती थांबली. डाव संपला. वाटणाऱ्याने पत्ते गोळा केले. इथे पेन ठेवायचं होतं. मी पुढच्या डावासाठी पैशांची चकती पुढे सरकवली.

"अहो," ती म्हणाली.

मी पत्ते पाहत होतो. ती आणखी एक डाव थांबली. तिच्या पद्धतीप्रमाणे पत्ते गोळा होईपर्यंत थांबली आणि मग पुन्हा म्हणाली, "अहो."

शेजारचा तरुण माझ्याकडे वळला. "अंकल, आंटी शायद आपको बुला रही हैं."

"मुझे नहीं," मी म्हणालो. "मैं इनको नहीं जानता."

मी चिडलो नव्हतो, घाबरलोही नव्हतो. कापडवाल्याला जसं म्हटलं होतं तसंच म्हटलं, त्याच आवाजात. ही देवळात जायचं लुगडं नेसून सगळ्यांसमोर आली, आता टेबलावर बडबड सुरू होणार, लक्ष मोडणार, एवढंच त्या वेळी मनात होतं.

तिथला मॅनेजर आला. मुलगा मराठी होता, आदबीने म्हणाला, "आजी, काही प्रॉब्लेम आहे का? कुणाला शोधताय?"

"नाही हो," ती म्हणाली. "चूक झाली माझी. मला वाटलं, आमचे आहेत."

मॅनेजर तिला चहा घ्या, बसा, असं म्हणत दाराकडे घेऊन गेला. तो डाव मी जिंकलो.

अंधार पडल्यावर अग्रशाळेत आलो तर खोलीला कुलूप. व्यवस्थापकाने किल्ली दिली आणि सांगितलं, "वहिनी बसने मुंबईला गेल्या. त्यांच्या आईचं जास्त आहे." मी मेहुण्याला फोन लावला. तो हॉस्पिटलाच्या पायऱ्यांवर होता. त्याने विचारलं, "भाऊजी, तुम्ही बरोबर नाही निघालात?"

आणि मी म्हणालो, "सकाळचा अभिषेक आहे. संकल्प केला की मोडता येत नाही. दोघांपैकी एकाने थांबायला हवं. ही ऐकेना, तशीच निघाली."

हे वाक्य मी आधी जुळवलेलं नव्हतं. ते तयारच निघालं. सकाळी अभिषेकही झाला नाही, कारण दक्षिणा हिच्या बोटीच्या आणि बसच्या तिकिटात गेली होती आणि मी झोपून राहिलो. सासूबाई पहाटे गेल्या. हिची बस तेव्हा पनवेललाही पोचली नव्हती.

माझं ते वाक्य मेहुण्याकडून आक्काकडे गेलं आणि आक्काकडून सगळीकडे. फिरताफिरता त्याचं असं झालं: हिने देवीचा अभिषेक अर्धवट टाकला आणि माहेरी धावली. याने मात्र जड मनाने थांबून कुळाचार राखला. तेराव्याला बोरिवलीत हिच्याच आईच्या घरी आक्का हिला म्हणाली, "आईची माया मी समजते गं, पण देवीचं देवीला द्यायला नको?" हिने माझ्याकडे पाहिलं. मी खीर वाढायला उठलो.

ती त्यानंतर गोव्याला आली नाही. मीही बोटीवर गेलो नाही. पण त्यात माझं काही नाही, टाळेबंदीने सगळंच बंद झालं आणि नंतर पायांनी साथ सोडली. मी घरी देवापुढे जास्त वेळ बसू लागलो. हिच्याशी बोलायला काही उरलं नव्हतं म्हणून. लोक त्यालाही भक्ती म्हणाले.

मुलाची नोकरी गेली तेव्हा आक्काने अभिषेक आठवला. नातीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा पुन्हा आठवला. हिच्यासमोर बोलायची, नसताना जास्त बोलायची. सून चांगली आहे, पण तिनेही एकदा हळूच विचारलं, "बाबा, आईंनी खरंच असं का केलं असेल?" मी म्हणालो, "जाऊ दे ना आता." लोकांना तोही माझा मोठेपणा वाटला.

आता नातीचं लग्न पुन्हा ठरलं आहे. नवरामुलगा चांगला आहे, अंधेरीला राहतो. लग्नाची पत्रिका देवीपुढे ठेवायला सगळे गोव्याला निघणार आहेत. मागच्या रविवारी आक्का आमच्याकडे आली आणि सोफ्यावर बसून निकाल दिला. "या वेळी हिनेही यायचं. देवीपुढे नाक घासायचं आणि सगळ्यांसमक्ष माफी मागायची. पोरीच्या संसाराला तो दोष नको."

ही स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जात होतं. मुलगा म्हणाला, "आत्या, जाऊ दे ना, आईचे गुडघे..." आक्का म्हणाली, "गुडघ्यांना रिक्षा आहे रे. मनाला काय आहे?"

तेव्हा मी बोललो. पत्ते, बोट, "मैं इनको नहीं जानता", दक्षिणेचं पाकीट, झोपून राहिलेली सकाळ. सगळं सांगितलं. मुलगा उभाच राहिला. आक्काने ऐकून घेतलं आणि तिचे डोळे भरले.

"अरे," ती म्हणाली, "बायकोला वाचवायला इतकं अंगावर घेतोस? तू आणि जुगार? सुपारी तरी खातोस का कधी? पाहा रे, पाहा तुझ्या बापाकडे. असा नवरा मिळायला पुण्य लागतं." मग स्वयंपाकघराकडे मान करून, "ऐकलंस ना गं?"

मी म्हणालो, "आक्का, खरं सांगतोय." ती माझ्या हातावर थोपटत राहिली. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरं वाटलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. त्याने विचारलं नाही. त्याला लहानपणीच शिकवलं होतं, न विचारायला.

म्हणून हे लिहून काढतो आहे. तोंडाने सांगितलं तर माझ्या चेहऱ्याकडे बघून लोक मला देव करतात. मी हिला म्हणालो, "मीच येतो गोव्याला. सगळ्यांसमोर मी नाक घासतो." ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "म्हणजे परत तुमचीच आरती होईल. तुम्ही घरी बसा."

"आणि तू?"

"मी माझ्या नातीबरोबर जाणार. पत्रिका ठेवायला. माफी मागायला नाही."

"आक्का बोलेल."

"बोलू दे. त्याच्या आधी तुमचे कागद सगळ्यांना वाचायला द्या. मुलाला सांगा, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाक. तिलाही वाचू दे."

काल तिला हे सगळं वाचायला दिलं. चष्मा लावून खिडकीशी बसून तिने सावकाश वाचलं. मी समोर उभा होतो. मला वाटत होतं की शेवटी ती काहीतरी म्हणेल, निदान रडेल. तिने पेन मागितलं.

ती मागे येऊन उभी राहिली तिथे मी आधी लिहिलं होतं की ती एकदा "अहो" म्हणाली. तिने ते खोडून दोनदा केलं. सासूबाईंच्या ठिकाणी मी फक्त "अत्यवस्थ" लिहिलं होतं. तिने समासात लिहिलं: आई शुद्धीत होती, माझं नाव घेत होती. मग एका जागी मी "आम्हा दोघांकडून चूक झाली" असं लिहिलं होतं, का ते मला सांगता येत नाही. ते वाक्य तिने पूर्ण खोडलं, खालचं काही वाचता येणार नाही इतकं.

"बाकी बरोबर आहे," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिले.

मी तिच्या दुरुस्त्यांसकट पुन्हा उतरवून काढलं. तेच हे. मुलगा कामावरून आला की त्याच्याकडे देणार आहे. ते सगळे शुक्रवारी निघतील.