लाल दिवा आणि बंद खिडक्या

मंडळी, आत्ताच घरी आले. चप्पल काढल्या काढल्या लिहितेय, राहवत नाहीये.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आज संग्रामपूरला बचत गटाच्या बायांसमोर कार्बन डायऑक्साइडवर बोलायला मलाच उभं केलं. हवेतला हा वायू मोजणारं छोटं यंत्रही सोबत नेलं होतं.

भर दुपार. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, ऊन आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या. खोलीत दाटीवाटीनं बाया. थोड्याच वेळात जांभया सुरू. गटातल्या सुमनकाकू तर भिंतीला टेकून चक्क पेंगायला लागल्या. मला रागच आला. इतकं कंटाळवाणं बोलते का मी?

मग यंत्राकडे लक्ष गेलं. दिवा लाल, म्हणजे वायू प्रमाणाबाहेर. आमच्याच श्वासानं खोली भरली होती, म्हणून ही पेंग.

मी उठून खिडक्या उघडल्या. गरम झळ आत आली.

"काऊन उघडून राह्यली वं? ऊन येते ना आत," काकू डोळे चोळत म्हणाल्या.

पण हळूहळू दिवा हिरवा झाला आणि सगळ्या जणी यंत्राभोवती जमल्या. भाषण राहिलं बाजूला, नुसते प्रश्न. इतका रंगलेला तास मी शाळेतही घेतला नाही. मी सांगितलं, कोळसा, डिझेल जाळून बाहेरच्या हवेतही हा वायू वाढतोय, त्यानंच उन्हाळे जास्त तापताहेत.

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"खोलीची खिडकी तं तू उघडली. बाहेरचं बिघडलं, तं मंग कोनती उघडशील?"

तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?