म्बाह म्हणायची, सिक सिक

म्बाह माणसाच्या तोंडाकडे फारशी बघायची नाही. पोराच्या पायाच्या अंगठ्याकडे बघायची. बसल्या जागेवरून एकदम उठायची, माझ्या नातवाला उचलायची आणि मोरीत न्यायची. आतून ‘स्स्स्स’ असा लांब आवाज यायचा, पाचोळ्यातून साप गेल्यासारखा. मग पाणी ओतल्याचा आवाज. बाहेर यायची तेव्हा पोर हसत असायचं आणि लंगोट कोरडा. मला पहिल्या दिवशीच संशय आला.

म्बाह म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. बाई जावा बेटावरची. तिची मुलगी माझ्या सुनेच्या, मृणालच्या, लॅबमध्ये. राहायला जपानात, त्सुकुबात, आमच्याच खालच्या मजल्यावर. मोठा भूकंप होऊन वर्ष उलटलं होतं. मृणालची सुट्टी संपली म्हणून सव्वा वर्षाच्या ओमला सांभाळायला मला गावाहून बोलावलं. खरं बोलावणं ओमच्या आजीला, माझ्या बायकोला होतं. पासपोर्ट दोघांचे काढलेले. निघायच्या आधीच ती गेली. तिचा कपाटात राहिला, मी एकटा आलो. मी सातवी शिकलेला, नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलेला माणूस. पोर धरायचं कसं हेही मला ठाऊक नाही. दोनदा डायपर उलटा लावला. पोराच्या मांड्या लालभडक झाल्या. तेव्हा मृणाल म्हणाली, “बाबा, सकाळी थोडा वेळ म्बाह वर येतील. तुम्हाला मदत होईल.”

मदत कसली! ही बाई घरात शिरली की माझं इथं काम उरत नाही, आणि काम नसलेल्या म्हाताऱ्याला परत धाडतात. परत म्हणजे त्या रिकाम्या घरात. म्हणून मी मोरीच्या दारात खुर्ची टाकली आणि पहारा धरला.

तिचं धरणं असं : पोराची पाठ स्वतःच्या पोटाला, दोन्ही हात त्याच्या मांड्यांखाली, आणि स्वतः उकिडवी. सत्तरीची बाई, पण गुडघा कुरकुरला नाही कधी. झालं की उजव्या हातानं टमरेलातून पाणी ओतायची, डाव्यानं धुवायची. भूकंपात अणुभट्टी फुटलेली, म्हणून त्या दिवसांत तिकडं जो तो पाण्याकडे वाकड्या नजरेनं बघायचा. माझा मुलगा सुहास पोराला बाटलीतलंच पाणी पाजायचा. आणि ही नळाचं ओतते! मी ओरडलो, “अहो बाई, नळाचं आहे ते!” तिनं शांतपणे हात वर केला. “सिक, सिक.” म्हणजे थांब जरा. माझ्या वाट्याला तिचा एवढाच शब्द आला.

एकदा बागेत ओमचे अंगठे वळले. तिनं त्याला एका झाडाच्या बुंध्याशी धरलं, आणि धरण्याआधी झाडाकडे मान लववून काहीतरी पुटपुटली. माझ्या अंगावर काटा आला. संध्याकाळी सुहास दारात आला नाही तोच मी म्हणालो, “बाई करणी करते. झाडाशी बोलते.”

“बाबा, प्लीज.”

“प्लीज काय? पोर कुणाचं आहे?”

मृणालनं खाली फोन लावला आणि हसतच ठेवला. “झाडात कुणी राहत असेल तर त्याची परवानगी मागतात हो, बाबा. पोर लहान आहे, रागावू नका, एवढंच म्हणतात.”

“आणि तो राहणारा जपानी असला तर? त्याला हिची भाषा कळते होय?”

सगळे हसले. मी नाही हसलो.

मग मी घड्याळ घेऊन बसलो. चोरी पकडायचीच होती मला. पोर उठल्या उठल्या एकदा. दूध प्यायल्यावर वीस मिनिटांनी. आंघोळीच्या आधी. आणि मध्ये कधी अंगठे आत वळले की. पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. एकतीस वर्षं मी गावात व्हॉल्व्ह फिरवले. कुठल्या गल्लीत पाणी कधी चढतं ते मला पाइपला हात लावून कळायचं. ही बाई तेच करत होती. मंत्र नव्हता, वेळेचा अंदाज होता. ‘स्स्स’ ऐकलं की सोडायचं, एवढं पोराला कळलं होतं. मला पटलं, पण मी कुणाजवळ कबूल केलं नाही. खुर्चीही हलवली नाही.

एका सकाळी मृणाल, सुहास कामावर गेलेले. म्बाह मोरीत ओमला धरून बसलेली, मी दारात. आणि जमीन हलली. कपाटातली भांडी वाजली. मी काय केलं? खुर्ची लोटली आणि पळालो. जिना उतरून थेट सायकलींपाशी. नातू आठवला तो खाली पोचल्यावर.

धापा टाकत वर आलो तर ती तशीच उकिडवी. पोर तिच्या पोटाशी. जमिनीवर तळहात टेकून सांगत होती, “सिक, सिक.” म्हणजे थांब जरा, पोराचं होऊ दे.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ही सांगणार. मुलीला सांगणार, मुलगी मृणालला. म्हातारा पोराला टाकून पळाला म्हटल्यावर मला कोण ठेवतंय? रोज मी मृणालच्या चेहऱ्याकडे बघायचो. काही नाही. म्बाह उलट मला बघून हसायची, तेव्हा जास्तच धास्ती वाटायची.

तिचा व्हिसा संपला. जायच्या दिवशी ती मुलीला घेऊन वर आली. मृणालनं विचारलं, “आता ओमचं कसं व्हायचं?” म्बाहनं माझ्याकडे बोट केलं आणि बरंच काही बोलली. मला वाटलं, आलं. मुलीनं मृणालला सांगितलं, मृणालनं मला.

“त्या म्हणतात, आजोबांना सगळं येतं. तीन महिने रोज दारात बसून शिकले. इतकं मन लावून शिकणारा पुरुष त्यांनी पाहिला नाही म्हणे.”

मी मान खाली घातली. म्बाहनं पोराचा अंगठा चिमटीत धरून हलवला आणि गेली.

दुसऱ्या सकाळी घरात मी आणि ओम. दूध पिऊन वीस मिनिटं झाली. मी त्याला उचललं, उकिडवा बसलो, माझे गुडघे बोंबलले. तोंडातून आवाज निघेना, लाज वाटत होती. मग काढला, स्स्स्स. आणि मला कळलं, हा आवाज मी आधी ऐकलेला आहे. सुहास एवढासा होता तेव्हा, आमच्या मोरीतून. त्याची आई त्याला पायांवर घेऊन बसायची. मी बाहेर चहा पीत ओरडायचो, “काय चाललंय गं तिकडं?” कधी आत डोकावलो नाही.

ओमनं मान वळवून कोण आहे ते बघितलं. आणि सोडलं.

त्याच महिन्यात पुन्हा एकदा जमीन हलली, आम्ही दोघं मोरीतच होतो तेव्हा. माझे पाय पळायला निघालेच होते. ओमनं भिंतीला तळहात लावला आणि म्हणाला, “सिक, सिक.”

मी बसून राहिलो.